खेळणं थांबलं, आता पोरांना कीपिंग शिकवतोय. जुन्या गोलकीपर लोकांना विचारायचंय

निळी_जर्सी

नमस्कार मंडळी, इथे कोणी फुटबॉलचे माजी गोलकीपर असतील तर प्लीज वाचा, पोस्ट थोडी लांब झालीये.

वय 35. एकोणीस वर्षं गोलमधे उभा राहिलो, त्यातली शेवटची सहा बहुतेक बेंचवरच. गेल्या सीझनला खांदा दुसऱ्यांदा निखळला आणि डॉक्टर म्हणाले आता डाइव्ह मारणं बंद. क्लबने विचारलं 13-14 वर्षांच्या मुलांना कीपिंग शिकवशील का, मी विचार न करता हो म्हटलं कारण ग्राउंड सुटलं तर माझं काय होईल हे मला कळत नव्हतं.

तीन आठवडे झालेत आणि मी अडकलोय. एक म्हणजे मला करून दाखवता येतं (आता तेही अर्धंच), पण सांगता येत नाही. एका मुलाने विचारलं, सर तुम्हाला आधीच कसं कळतं बॉल कुठे येणार, आणि मी नुसता त्याच्याकडे बघत राहिलो, कारण मला कळायचं पण कसं कळायचं ते मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. दुसरं म्हणजे मॅच चालू असताना टचलाइनवर माझे हात आपोआप हलतात, बॉल आला की मीच पकडायला जातो, मॅच संपेपर्यंत अंग आंबून जातं.

आणि तिसरं, ज्याच्यासाठी खरं तर लिहितोय. माझ्याकडे एक मुलगा आहे, उंच, हात छान, ऐकतो. दोन रविवारांपूर्वी क्रॉसवर (बाजूने गोलसमोर मारलेल्या बॉलवर) बाहेर आला, बॉल हातातून निसटला, गोल, आणि मॅच त्याच एका गोलने गेली. तेव्हापासून तो गोललाइन सोडतच नाही. क्रॉस गोलसमोरच्या सहा यार्डच्या बॉक्समधे पडला तरी लाइनवर खिळून उभा. मी रोज सांगतो बाहेर ये, घाबरू नको. तो मान हलवतो आणि परत तेच. मला कधी कोणी गोलकीपर कोच मिळाला नाही त्यामुळे अशा वेळी काय बोलतात ते मी ऐकलेलंच नाही. काय करू?

मधला_हाफ

मी कीपर नाही, मिडफिल्डला खेळायचो, तरी सांगतो. त्याला 2002 च्या वर्ल्ड कप फायनलमधला जर्मनीचा कीपर ऑलिव्हर कान दाखव. अख्खी स्पर्धा त्या माणसाने एकहाती ओढली, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि फायनलला ब्राझीलच्या रिवाल्डोचा साधा शॉट त्याच्या हातातून सुटला आणि रोनाल्डोने टॅप करून टाकला. मॅच संपल्यावर पोस्टला टेकून बसलेला कान बघ म्हणावं. एवढ्या मोठ्या माणसाचं होतं तर तुझं काय. बरं वाटेल त्याला.

जुना_एक_नंबर

निळी जर्सी, वयाने लहान आहेस म्हणून अरे तुरे करतोय, राग मानू नकोस. मी 57 चा आहे. सोळा वर्षं खेळलो, वीसेक वर्षं शिकवतोय, मधे काही वर्षं मुख्य कोच पण होतो. तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप लागली नाही, म्हणून आता सविस्तर लिहितो.

आधी मधला हाफ यांना, मनापासून सांगितलंत हे कळतंय, पण तो व्हिडिओ आत्ता नको. मी हे करून बघितलंय. तेरा वर्षांचं पोर दुसऱ्याचं दुःख बघून शांत होत नाही, त्याच्या डोक्यात एवढंच बसतं की हे पुढेही असंच होत राहणार, आणि मोठ्या मॅचला तर जास्तच.

आता माझी गोष्ट. आमच्या वेळी कीपरचं ट्रेनिंग म्हणजे बाकीच्यांनी शॉट मारायचे आणि आपण गोलमधे उभं राहायचं. शॉट मारणाऱ्याची प्रॅक्टिस व्हायची, आमची नाही. कोच म्हणायचे हात मजबूत कर, मी केले, रात्री झोपताना सुद्धा रबरी बॉल दाबत पडायचो. सगळं हातांचंच होतं तेव्हा. मग 1992 ला बॅकपासचा नियम आला. आपल्याच खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला बॉल कीपरने हातात घ्यायचा नाही. मी 24 चा होतो. त्याआधी लीड मिळाली की आमचा स्टॉपर (मधला डिफेंडर) मला बॉल द्यायचा, मी उचलायचो, त्याच्याकडे सरकवायचो, तो परत मला, असं करत आम्ही मिनिटंच्या मिनिटं खायचो, आणि एका सीझनमधे ते सगळं संपलं. पहिल्या काही मॅचमधे बॉल माझ्याकडे मागे आला की पोटात गोळा यायचा, जमेल तसा टोलवून बाहेर द्यायचो. माझा डावा पाय म्हणजे लाकूड. वर्षभर रोज भिंतीवर डाव्या पायाने बॉल मारला तेव्हा कुठे तो कामाचा झाला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की कीपरला पाय पण असतात, पण पूर्ण कळलं नव्हतं, ते कळायला अजून बारा वर्षं गेली.

26 चा असताना लीगची शेवटची मॅच, बरोबरी झाली तरी वरच्या डिव्हिजनला जाणार होतो. शेवटच्या दहा मिनिटांत उजवीकडून क्रॉस आला, उंच, सेकंड पोस्टकडे, म्हणजे लांबच्या खांबाकडे. मी ओरडलो, निघालो, आणि पोचलो नाही. बोटांची टोकं लागली फक्त, बॉल मागे पडला, त्यांच्या माणसाने डोक्याने आत ढकलला. ड्रेसिंग रूममधे आमचे कोच सगळ्यांसमोर म्हणाले, याच्या हातांना साबण लावलाय का. मी ते वाक्य खरं मानलं. पुढची आठ वर्षं मी फक्त हातांवर काम केलं, आणि क्रॉसला निघताना प्रत्येक वेळी ते वाक्य कानात ऐकून निघालो. पुढे चांगल्या मॅच पण झाल्या, कॅप्टन झालो, एका सीझनला सलग सात क्लीन शीट ठेवल्या, म्हणजे सात मॅच एकही गोल खाल्ला नाही. पण कोणी माझ्या खेळाबद्दल विचारलं की मला तोच क्रॉस आठवायचा.

रिटायर झाल्यावर शिकवायला लागलो. एकदा गोलच्या मागे कॅमेरा लावून ट्रेनिंग शूट केलं. एक पोरगा अगदी माझ्यासारखाच चुकला, उंच क्रॉस, बोटांची टोकं, बॉल मागे. मी त्याला हात दाखवणार होतो, अंगठे जवळ, तळवे बॉलच्या मागे वगैरे, पण सहज व्हिडिओ मागे घेतला आणि हळू चालवला. हात बरोबर होते त्याचे. बॉल विंगरच्या (कडेने खेळणाऱ्याच्या) पायातून सुटला त्या क्षणी त्याने पहिलं पाऊल मागे टाकलं होतं. अर्धं पाऊल. फर्स्ट पोस्टला, म्हणजे विंगरच्या जवळच्या खांबाला चिकटून उभा होता, अंग पूर्ण विंगरकडे वळलेलं, त्यामुळे मागच्या बाजूला जायला त्याला आधी पाय सोडवून घ्यावे लागले. तिथे जो वेळ गेला तो हातांना भरून काढता आला नाही.

त्या रात्री मी कपाटातून माझ्या त्या मॅचची जुनी कॅसेट काढली. ती मी कधी बघितली नव्हती, बारा वर्षं. कॅमेरा लांब होता, चित्र पुसट, पण पाय दिसत होते. तेच अर्धं पाऊल, मागे. मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. आठ वर्षं मी चुकीच्या अवयवाला दोष देत खेळलो होतो आणि मला ते सांगणारं माणूस जवळ नव्हतं.

म्हणून तुला सांगतो, त्या मुलाला घाबरू नको म्हणणं आजपासून बंद कर. भीती आहे ती आहे, ती बोलून जात नाही. तो निसटलेला बॉल कुठून सुरू झाला ते शोध. हात सगळ्यात शेवटी बघ. बॉल मारला गेला तेव्हा तो कुठे उभा होता, अंग कसं होतं (छाती पूर्ण बॉलकडे नको, थोडी मैदानाकडे उघडी हवी म्हणजे दोन्हीकडे जाता येतं), वजन पायाच्या पुढच्या भागावर होतं का टाचांवर, पहिलं पाऊल कुठल्या पायाचं आणि कुठल्या दिशेला. यात काहीतरी सापडेलच. आणि सापडलं की त्याला सांगता येतं, बघ तुझे हात चांगले आहेत, तुझं पाऊल उशिरा पडलं, आणि पाऊल आपण दुरुस्त करू शकतो. पोराच्या चेहऱ्यावर फरक दिसतो, मी खूप वेळा बघितलाय.

मग एक आठवडा त्याला किकने क्रॉस देऊच नकोस. हाताने फेक, जवळून, आधी रिकाम्या बॉक्समधे. दर वेळी निघताना "कीपर" असं जोरात ओरडायला लाव, हे फार महत्त्वाचं आहे, आवाज निघाला की शरीर मागे फिरत नाही. दोन-तीन दिवसांनी बॉक्समधे एक पोरगा नुसता उभा कर, काही न करता. मग दोन. मग पॅड घेऊन हलका धक्का देणारा. शेवटी किक. घाई केलीस तर परत पहिल्यापासून.

आणि एक राहिलं, 13-14 वर्षांच्या पोरांना पूर्ण मापाच्या गोलमधे उभं करत असाल तर तो गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 उंच आहे, ही मापं मोठ्यांसाठी आहेत. डोक्यावरून जाणारा प्रत्येक लॉब त्याची चूक नसते. हे त्याला सांग आणि त्याच्या आई-वडिलांना पण सांग, ते साइडला उभे राहून काय काय बोलतात ते पोराला ऐकू येतं.

लाल_ग्लोव्हज

जुना एक नंबर सरांचं वाचून डोळे भरले खरंच. मी मुलींची कीपर कोच आहे, दहा वर्षं झाली. थोडी भर घालते.

निळी जर्सी, तुम्ही एक गोष्ट गृहीत धरताय की तो चुकीला घाबरतोय. त्याला विचारलंत का? माझ्याकडे एक मुलगी अशीच लाइनला चिकटली होती आणि मी महिनाभर आत्मविश्वास आत्मविश्वास करत बसले. नंतर कळलं तिला आधीच्या मॅचमधे कोपर लागलं होतं कानशिलावर आणि तिने कोणाला सांगितलं नव्हतं कारण टीममधून काढतील असं वाटलं. तिला गोल खायची भीती नव्हतीच, तिला लागण्याची भीती होती. दोन्हीवर उपाय वेगळा. लागण्याची भीती असेल तर निघताना एक गुडघा वर उचलायला शिकवा, पडायचं कसं ते शिकवा, आणि डोक्याला मार बसला असेल तर त्या दिवशी खेळणं तिथेच बंद, मॅच कितीही महत्त्वाची असली तरी. गोलकीपर पीटर चेकची कवटी ऑक्टोबर 2006 मधे फ्रॅक्चर झाली होती, परत आला तो डोक्यावर संरक्षक टोपी घालून आणि करिअर संपेपर्यंत त्याने ती काढली नाही. मी मुलींना हे सांगते, अंग जपून खेळणारा कीपर पण धाडसीच असतो.

तुमचे हात हलतात त्याबद्दल, ते थांबवाच. तुम्हाला वाटतं हा तुमचाच त्रास आहे पण मुलं बॉल सोडून तुमच्याकडे बघायला लागतात. मी एक वही ठेवते, प्रत्येक क्रॉसला मुलगी कुठून निघाली, निघाली का नाही, एवढंच टिपते. गोल झाला का ते लिहीतच नाही. हातात पेन असलं की हात शांत राहतो.

आणि त्या मुलाचा प्रश्न, आधीच कसं कळतं. उत्तर आहे त्याला. पेनल्टी घ्या, 11 मीटरवरून ताशी 100 किमीने मारलेला बॉल साधारण 0.4 सेकंदात गोललाइनला येतो. बॉल बघून मग उडी मारायची म्हटलं तर वेळच नाही. तुम्ही किकच्या आधीचं वाचत होता, टेकलेल्या पायाचा पंजा कुठे वळलाय, कंबर उघडली का बंद, धावत येतानाचा कोन. तुमचे डोळे वाचत होते, शब्द नव्हते इतकंच. मुलांना गोलमधे न उभं करता किक मारणाऱ्याच्या समोर बसवा आणि पाय बॉलला लागायच्या आत डावी का उजवी ओरडायला सांगा. पंधरा मिनिटांचा खेळ आहे, फार आवडतो त्यांना.

पेनल्टीवरून आठवलं, 2007 साली एक अभ्यास आला होता 286 पेनल्टींचा. कीपर फक्त 6.3 टक्के वेळा मधे थांबले होते, बाकी सगळ्या वेळी कुठल्यातरी बाजूला उडाले, आणि मधे थांबणं जास्त फायद्याचं होतं असं निघालं. मग उडतात का? कारण उडून गोल खाल्ला तर लोक म्हणतात प्रयत्न केला, उभं राहून खाल्ला तर म्हणतात बघत बसला. लोक काय म्हणतील याच्यावर आपले पाय चालतात हो, आणि तुमचा मुलगा पण तेच करतोय, फक्त उलट्या बाजूने. बाहेर येऊन खाल्लेला गोल त्याच्या नावावर लागतो, लाइनवर राहून खाल्लेला डिफेन्सच्या.

शिट्टी

रेफ्री आहे, दोनच मुद्दे. 2025 पासून कीपरने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्या टीमला कॉर्नर मिळतो, आधी सहा सेकंद आणि इनडायरेक्ट फ्री किक होती जी आम्ही क्वचितच द्यायचो. शेवटचे पाच सेकंद रेफ्री हात वर करून मोजून दाखवतो, पोरांना तो हात बघायची सवय लावा. दुसरं, पेनल्टी मारली जाताना कीपरच्या एका पायाचा थोडा तरी भाग गोललाइनवर, लाइनच्या रेषेत किंवा लाइनच्या मागे पाहिजे. लहान गटांच्या स्पर्धेत नियम थोडे वेगळे असू शकतात, आधी आयोजकांना विचारून घ्या.

निळी_जर्सी

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

ताईंचं वाचून मी काल त्याला बाजूला घेऊन बसलो. सरळ विचारलं, तुला कुठे लागलंय का. आधी नाही म्हणाला. मग शर्ट वर केला. बरगडीवर पिवळा पडलेला डाग, तीन आठवडे जुना, म्हणजे ती मॅच हरायच्या आधीचा. कोणाचा तरी गुडघा लागला होता. घरी पण सांगितलं नव्हतं. त्या क्रॉसला तो निघाला तेव्हा आधीच दुखत होतं त्याला आणि मी दोन आठवडे घाबरू नको घाबरू नको करत होतो. खूप वाईट वाटलं. आज त्याचे वडील डॉक्टरकडे घेऊन गेले, हाड ठीक आहे, दहा दिवस आराम.

सर, तुम्हाला एक विचारायचंय, वैयक्तिक आहे, नको वाटलं तर सोडून द्या. तुम्ही मुख्य कोच होता मग परत कीपर कोच का झालात? मला क्लबवाले म्हणतायत कोचिंग लायसन्सची पुढची लेव्हल कर, मुख्य कोच हो, कीपर कोचला काय भविष्य. आणि खेळणं आठवतं का अजून?

जुना_एक_नंबर

शर्ट वर करायला लावलास हे फार चांगलं केलंस. माझ्याकडून राहिलं ते, पावलांच्या नादात शरीर विसरलो मी. ताई, तुमच्याकडून शिकलो आज.

मुख्य कोच जरूर हो, मी नको म्हणणार नाही. कीपर चांगला कोच होत नाही असं लोक म्हणतात ते खोटं आहे. इटलीचा गोलकीपर दिनो झॉफने 40 व्या वर्षी कॅप्टन म्हणून 1982 चा वर्ल्ड कप उचलला आणि पुढे कोच म्हणून इटलीला युरो 2000 च्या फायनलपर्यंत नेलं. आपण सगळ्यांच्या मागे उभे असतो, अख्खं मैदान आपल्यासमोर असतं, खेळाचा आकार आपल्याला दिसतो.

मी परत का आलो ते सांगतो. मुख्य कोच असताना माझ्याकडे एक कीपर होता, 33 चा, पाच वर्षं क्लबसाठी उभा राहिलेला. मागून एक तरुण पोरगा आला, जास्त चपळ, पायाने चांगला. निर्णय बरोबर होता, आजही वाटतं. पण मी त्या माणसाला सांगितलं नाही. मॅचच्या दिवशी बोर्डावर टीमची यादी लावली आणि त्याने ती सगळ्यांबरोबर उभं राहून वाचली. मला स्वतःला 34 व्या वर्षी असंच कळलं होतं, बोर्डावरून, आणि तेव्हा मी ठरवलं होतं की आपण कोणाला असं कधी करायचं नाही. तरी केलं. त्या दिवशी माझ्या डोक्यात अकरा जागा होत्या, सात बदली होते, समोरच्याचा फॉर्मेशन होता, आणि एका माणसाशी पाच मिनिटं बोलणं राहून गेलं. बाकी कोणालाही बसवलं तर तो दुसऱ्या जागेवर, वीस मिनिटांसाठी तरी मैदानात येऊ शकतो. कीपरला दुसरी जागा नाही. त्याने त्या सीझननंतर खेळणं सोडलं. मी दोन वर्षांनी फोन केला, माफी मागितली, तो म्हणाला जाऊ दे, पण त्याच्या आवाजात ते गेलेलं नव्हतं.

त्यानंतर मला वाटलं की माझी जागा त्या एका माणसाजवळ आहे, अकरा जणांजवळ नाही. तुझी वेगळी असू शकते. 2006 च्या वर्ल्ड कपला अर्जेंटिनाबरोबर पेनल्टी शूटआउट होतं तेव्हा जर्मनीचा कीपर लेमानच्या हातात एक चिठ्ठी होती, कोण कुठे मारतो त्याची, ती त्याला कीपर कोच कोप्कने दिली होती जो स्वतः जुना कीपर. ते मी टीव्हीवर बघितलं तेव्हा लोक लेमानकडे बघत होते आणि मी ती चिठ्ठी कोणी लिहिली असेल, किती मॅच बघून लिहिली असेल त्याचा विचार करत होतो. मला ते काम आवडतं. त्याला भविष्य आहे का ते मला सांगता येणार नाही, पण मी वीस वर्षं केलं आणि कंटाळा आला नाही.

खेळणं आठवतं. मॅचपेक्षा वॉर्मअप आठवतो, ग्लोव्हज ओले करून पहिला बॉल हातात बसतो तो आवाज. अजून कधी कधी पोरं गेल्यावर मी एकटा गोलमधे जाऊन उभा राहतो, दोन्ही पोस्टना हात लावून मधे येतो. बस, एवढंच.

निळी_जर्सी

सर काय बोलू. आमच्याकडे पण दोन कीपर आहेत त्या गटात, मी आजवर यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकत होतो. या शनिवारपासून आधी दोघांना भेटून सांगेन.

आणि हो, तुम्ही म्हणालात म्हणून त्या मॅचचा एका पालकाने काढलेला मोबाइल व्हिडिओ मिळवला. हळू चालवला. अर्धं पाऊल मागे. अगदी तसंच. तो परत आला की सगळ्या पोरांना एकत्र बसवून दाखवू का?

जुना_एक_नंबर

एकत्र नको. त्याला एकट्याला दाखव, आणि दाखवायच्या आधी सांग की हात बघू नकोस, पाय बघ. त्याला स्वतःला दिसेपर्यंत गप्प बस, दोन-तीनदा लावावा लागला तरी. आणि आल्या आल्या बॉल फेकायला दुसऱ्या पोरांना सांग, तू फेकू नकोस, तो खांदा तुला अजून बरीच वर्षं वापरायचाय.